कुत्र्यासह प्रवास आणि बाहेरचे जेवण : मराठवाड्यात पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईत कुत्र्यासाठी पाण्याची वाटी आधीच मांडून ठेवणारी उपाहारगृहे आता बरीच झाली आहेत. मराठवाड्यात ती क्वचितच दिसतात. आपल्याकडे कुत्र्याला घेऊन जेवायला जायचे म्हणजे बहुतेक वेळा लिंबाच्या सावलीत बाजा टाकलेल्या ढाब्यावर जायचे, आणि प्रवास म्हणजे लातूरहून गावी किंवा छत्रपती संभाजीनगरहून म्हैसमाळला स्वतःच्या गाडीने जायचे. कुत्र्याच्या दृष्टीने हे वाईट नाही, कारण बंद खोलीतील टेबलांच्या दाटीपेक्षा मोकळे अंगण त्याला अधिक मानवते. अडचणी वेगळ्याच असतात: आपल्याकडचे ऊन, अंगणाला लागूनच वाहणारा महामार्ग, ढाब्यावर पोसलेली भटकी कुत्री आणि कुत्र्याला मनापासून घाबरणारी माणसे. या चारही गोष्टींची तयारी घरीच करावी लागते, म्हणून पुढील मजकूर ज्या क्रमाने तयारी करायची त्याच क्रमाने लिहिला आहे.

आधी एक गोष्ट ठरवावी

कुठे जायचे, काय खायचे याआधी कागदावर दिवसाचा क्रम लिहावा आणि प्रत्येक वेळेसमोर एकच प्रश्न विचारावा: या वेळी कुत्रा कोणाजवळ असेल? ज्या वेळेचे उत्तर ‘गाडीत’ असे येते, तो बेत बदलावा किंवा कुत्र्याला त्या दिवशी घरी ठेवावे. हा नियम मी कधीच सैल करत नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. पंजाच्या तळव्यांना थोडा घाम सुटतो, बाकी सारी भिस्त धापा टाकण्यावर असते. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतील तापमान पहिल्या दहा मिनिटांतच साधारण १० अंशांनी वाढते, आणि काच बोटभर खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. बाहेर ३५ अंश असतील तर आपण ढाब्यावर हात धुऊन बसेपर्यंत आत ४५ अंश झालेले असतात. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात बाहेरच ४३-४४ अंश असतात, त्यामुळे तेथे हिशेब करण्याचीही गरज उरत नाही.

याच कारणाने पहिल्या सहलीसाठी मी कार्तिक ते माघ हा काळ सुचवतो, आणि त्यातही हुरड्याचे दिवस. ओळखीच्या शेतावर सकाळी जाऊन दुपारी परतणे हा नवख्या कुत्र्यासाठी उत्तम सराव आहे, कारण माणसे ओळखीची असतात, जागा मोकळी असते आणि घरही फार लांब नसते. तेथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. हुरडा भाजून झाल्यावर आगटी वरून राखेने विझल्यासारखी दिसते, पण आत निखारे धगधगत असतात आणि कणसांच्या वासाने कुत्रा सरळ तिच्यावर पाय देतो; म्हणून आगटीपासून दोन-तीन हात दूर, वाऱ्याच्या उलट बाजूला त्याची जागा करावी. दुसरे म्हणजे शेतात अलीकडे फवारणी झाली आहे का, उंदरांसाठी औषध टाकले आहे का, हे मालकाला स्पष्ट विचारावे. उंदीर मारण्यासाठी वापरले जाणारे झिंक फॉस्फाइड कुत्र्याच्या पोटात गेले तर हाती फार थोडा वेळ राहतो.

निघण्यापूर्वीचे दीड-दोन महिने

पशुवैद्यकाकडील भेट शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. रेबीजची लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर देतात आणि पहिल्या लसीनंतर पुरेशी प्रतिकारशक्ती यायला सुमारे तीन आठवडे जातात; पुढे डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखांना ती न चुकता द्यावी लागते. डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टोस्पायरोसिस यांच्या लसीही पूर्ण असाव्यात, कारण ढाब्याच्या अंगणात दहा कुत्र्यांनी वास घेतलेल्या जागीच आपलाही कुत्रा नाक लावणार असतो. गोचिडांवरील औषध निघण्याच्या काही दिवस आधी द्यावे. आपल्याकडे गोठा, कडब्याची गंजी आणि जुन्या भिंतींच्या फटी गोचिडांनी भरलेल्या असतात, आणि गोचिडांमुळे होणारा एर्लिकियाचा ताप कित्येक आठवड्यांनंतर अचानक उसळतो. लसीकरणाच्या पुस्तकाच्या पानांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवावेत. मूळ पुस्तक मात्र सोबतच असावे.

याच काळात शिकवण सुरू करावी. ढाब्यावर उपयोगी पडणारे शब्द तीनच आहेत: ‘बस’, ‘सोड’ आणि ‘जागेवर’. यांपैकी ‘जागेवर’ सर्वांत मोलाचा आहे. जुन्या गोधडीचा एक तुकडा घ्यावा, रोज संध्याकाळी आपण जेवायला बसलो की तो जवळ अंथरावा, कुत्र्याला त्यावर बसवावे आणि शांत राहिल्यावर खाऊ द्यावा. पहिल्या दिवशी अर्धे मिनिट, आठवड्याने पाच मिनिटे, महिन्याने संपूर्ण जेवण. मग हीच गोधडी गॅलरीत, पुढे गल्लीत आणि शेवटी चहाच्या टपरीशेजारी अंथरावी. कुत्र्याला नवीन जागा समजत नाही, पण घरच्या वासाचा तुकडा समजतो, आणि तो अंथरल्याबरोबर आता काय करायचे आहे हे त्याच्या लक्षात येते. टपरीवर पंधरा मिनिटे शांत पडून न राहणारा कुत्रा ढाब्यावर तासभर पडून राहील अशी अपेक्षा धरू नये. तोपर्यंत ढाब्याचा बेत पुढे ढकलावा.

पट्टा

गळ्यातील पट्ट्यात दोन बोटे सहज जावीत असा सर्वसाधारण नियम सांगितला जातो. तो लॅब्रेडॉरला लागू पडतो. लातूर-सोलापूरच्या पट्ट्यात ज्यांची पैदास पिढ्यान्पिढ्या होत आली आहे त्या कारवानी आणि पश्मी कुत्र्यांना पडत नाही. या कुत्र्यांचे डोके त्यांच्या मानेपेक्षा फार रुंद नसते. माझी चंद्री कारवानी वळणाची आहे. तिला पहिल्यांदा मांजरसुंब्याजवळच्या एका ढाब्यावर नेले तेव्हा मोरीमागून मांजर निघाले, चंद्रीने एक पाऊल मागे घेतले, मान खाली घातली, आणि पुढच्या क्षणी पट्टा माझ्या हातात तसाच गोल राहिला, बकलही लावलेले. ती मांजरामागे महामार्गाच्या दिशेने न जाता शेताच्या बाजूला गेली, म्हणून आज हे लिहिता येत आहे. चूक सर्वस्वी माझी होती: अशा कुत्र्यासाठी रुंद आणि ओढ बसताच मर्यादेपर्यंत आवळला जाणारा पट्टा घ्यावा लागतो, आणि त्याच्या जोडीला पोटाखालून आवळला जाणारा हार्नेस घालून दोरी दोन्हींना अडकवावी लागते, हे मला ठाऊक असायला हवे होते.

दोरी पाच-सहा फुटांची, साधी असावी. लांबत जाणारी स्वयंचलित दोरी ढाब्यावर नेऊ नये. तिच्यात वाढप्याचा पाय अडकतो. साखळीपेक्षा सुती पट्टी बरी, कारण बाजेच्या पायाशी साखळीचा आवाज झाला की शेजारचे लोक दचकतात आणि लोखंड उन्हात तापते. हार्नेसवर एका चकतीवर आपला मोबाइल क्रमांक कोरून घ्यावा.

गाडीत

बहुतेक कुत्र्यांना मोटारीची भीती नसते, पण मोटारीचा अर्थ त्यांना फक्त ‘डॉक्टरकडे’ एवढाच ठाऊक असतो. म्हणून सुरुवातीला गाडी बंद ठेवून आत बसवावे, मग गल्लीत एक फेरी, मग जवळच्या मैदानापर्यंत, असे करत जावे. जागा नेहमी मागच्या आसनावर असावी आणि हार्नेस सीटबेल्टला जोडलेला असावा. पिंजऱ्याची सवय असलेल्या लहान कुत्र्यासाठी पक्का बांधलेला पिंजरा उत्तम. मांडीवर घेतलेला कुत्रा ब्रेक लागताच पुढे फेकला जातो, आणि पुढच्या आसनावर एअरबॅग उघडली तर तीच घातक ठरते. खिडकीतून डोके बाहेर काढू देणे दिसायला छान असले तरी डोळ्यांत धूळ आणि खडे जातात. उसाच्या हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांबाहेर आलेली उसाची टोके पाहिलेल्या कोणालाही हा मोह होऊ नये.

निघण्यापूर्वी तीन-चार तास पोटभर खाऊ घालू नये. उलट्या होणाऱ्या कुत्र्यासाठी मॅरोपिटंट हे औषध पशुवैद्यक वजनानुसार देतात. घरातील माणसांच्या गोळ्यांपैकी कोणतीही आपल्या मनाने देऊ नये. सोलापूर-धुळे महामार्गावर मांजरसुंब्याचा किंवा कन्नडजवळचा औट्रम घाट लागतो, तेथे वळणे सुरू होण्याआधीच थांबून पाय मोकळे करावेत. एरवी दर दोन तासांनी थांबावे. समृद्धी महामार्गावर थांब्यांची आखणी घरीच करावी लागते, कारण वेगाने जाणाऱ्या वाहनांशेजारी कडेला गाडी उभी करणे धोक्याचे आहे आणि सोयीची ठिकाणे लांब लांब आहेत. आणि कुठेही थांबलात तरी आधी दोरी हातात, मग दार उघडायचे. हा क्रम एकदाही उलटा होऊ देऊ नये.

पाणी घरचेच न्यावे. कुत्र्याला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला एक लिटरहून थोडे अधिक. उन्हात आणि प्रवासात त्याच्या दुप्पट धरावे. पाच लिटरचा कॅन पुरेसा होतो. बोअरच्या जड पाण्याने काही कुत्र्यांचे पोट बिघडते हे एक कारण आहे, आणि दुसरे मला तितकेच महत्त्वाचे वाटते: ज्या लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले त्या भागात उन्हाळ्यात ढाब्याचे पाणी टँकरने विकत घेतलेले असते, आणि तेथे कुत्र्याला न्हाऊ घालण्यासाठी बादली मागणे शोभत नाही.

ढाब्यावर

आदल्या दिवशी फोन करावा आणि शब्द मोघम ठेवू नयेत. “कुत्रं आणलं तर चालेल का?” असे विचारल्यास पलीकडचा माणूस पिशवीत मावेल असा कुत्रा डोळ्यांपुढे आणतो आणि हो म्हणतो. त्याऐवजी “मोठा कुत्रा आहे, बांधलेला राहील, आम्ही बाहेर अंगणात कडेच्या बाजेवर बसू, आमची गोधडी-भांडे आणू” असे सांगावे. परवानगी देणे न देणे मालकाच्या हाती असते, आणि स्वयंपाकाच्या जागेत जनावर येऊ न देणे ही अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार त्याची जबाबदारी असते. त्यामुळे नकार मिळाला तर वाद न घालता जेवण बांधून घ्यावे. वेळ गर्दीच्या आधीची निवडावी: दुपारी साडेअकरा किंवा संध्याकाळी सात. रात्री नऊनंतर वऱ्हाडाच्या गाड्या उतरतात, लहान मुले धावतात, कधी फटाके वाजतात, आणि सहा आठवड्यांची मेहनत दहा मिनिटांत वाया जाते.

पोहोचल्यावर कुत्र्याला लगेच गाडीतून उतरवू नये. एकाने आधी जाऊन अंगण पाहून यावे. ढाब्याची स्वतःची कुत्री कोठे बसतात, खरकट्याचा डबा कोठे आहे, चुलीची वा तंदूरची बाजू कोणती, नमाजासाठी किंवा देवपूजेसाठी राखलेली जागा आहे का, शेजारच्या बाजेवर बसलेले कोणी घाबरते का, हे पाहावे. ढाब्यावरची कुत्री त्या अंगणाची मालक असतात. आपला कुत्रा कितीही मायाळू असला तरी तो त्यांच्या घरात शिरलेला परका असतो. म्हणून खरकट्याच्या डब्यापासून सर्वांत दूरची, शक्यतो मागे भिंत किंवा कुंपण असलेली बाज निवडावी. मग कुत्र्याला रस्त्याच्या उलट बाजूला थोडे फिरवून, लघवी-शी उरकून, ती कागदात उचलून मगच आत आणावे. गोधडी बाजेखाली अंथरावी, म्हणजे सावलीही मिळते आणि वाढप्याची वाटही मोकळी राहते.

दोरी बाजेच्या पायाला बांधू नये. सुतळीची किंवा नवारीची बाज हलकी असते. २५ किलोच्या कुत्र्याने एक हिसका दिला की ताटांसह ती सरकते आणि मागून खडखडत येणाऱ्या बाजेला घाबरून तो अधिकच पळतो. दोरी एका माणसाच्या हातात किंवा मांडीखाली असावी, आणि त्या माणसाने त्या जेवणापुरते तेच काम करावे. आमच्याकडे आधी एकजण जेवतो, मग अदलाबदल होते. जेवण थोडे गार होते, पण चालते.

आता खाण्याविषयी, कारण नवख्यांची सर्वांत मोठी चूक येथे होते. ढाब्याच्या स्वयंपाकाचा पाया कांदा आणि लसूण आहे, आणि हे दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत. त्यांच्यामुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेल्यास रक्तात धोकादायक बदल होतात, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅम, दोन मध्यम कांदे. हे प्रमाण मोठे वाटते, पण शेवभाजीच्या किंवा काळ्या मसाल्याच्या रश्श्यात वाटलेला कांदा डोळ्यांना दिसत नाही, शिजवल्याने त्याचा दोष जात नाही, आणि लसूण तर त्याहून तीव्र असतो. लक्षणेही लगेच दिसत नाहीत. दोन-चार दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात, कुत्रा मलूल होतो, लघवी लालसर होते, आणि तोपर्यंत ढाबा कोणाच्या लक्षातही राहिलेला नसतो. येसराची आमटी, नान-खलियाचा रस्सा, पिठले, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, यांपैकी काहीही देऊ नये. मटणाचे शिजवलेले हाड टोकदार चिरफळ्या होऊन घशात किंवा आतड्यात रुतते. द्राक्षे आणि मनुका मूत्रपिंडे निकामी करू शकतात, सीताफळाच्या बिया आणि आंब्याची कोय यांचाही धोका असतो, चॉकलेट तर नकोच.

मग द्यायचे काय? घरून डबा न्यावा: नेहमीचे खाद्य, किंवा बिनमिठाचे उकडलेले, हाडे काढलेले चिकन आणि भात. ढाब्यावरून घ्यायचीच असेल तर कोरडी ज्वारीची भाकरी घ्यावी, आणि तीही कालवणाविना, तव्यावरून थेट.

यात खरी अडचण आपण नसून आजूबाजूची प्रेमळ माणसे असतात. संत नामदेव भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे “कोरडी खाऊ नकोस” म्हणत तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा लहानपणापासून ऐकलेला हा प्रदेश आहे; हिंगोली जिल्ह्यातील नर्सी तर त्यांचे गाव म्हणूनच ओळखले जाते. त्यामुळे शेजारच्या बाजेवरील आजोबा रश्श्यात बुडवलेली भाकरी पुढे करतात ती निखळ मायेने. त्यांना “नको, नको” म्हणून हात झटकला तर ते दुखावतात. मी अशा वेळी आपला डबा उघडून त्यांच्या हातावर चिकनचा तुकडा ठेवतो आणि म्हणतो, “आजोबा, तिला कांदा-लसूण बाधतं, डॉक्टरांनी बंद केलंय, हे तुमच्या हातानं द्या.” आजोबा खूश होतात, चंद्रीही खूश होते, आणि पुढचा अर्धा तास ते स्वतःच इतरांना “तिला रस्सा देऊ नका बरं का” असे बजावत राहतात.

निघताना आपली जागा स्वतः झाडावी, केस उचलावेत, आणि वाढप्याला नेहमीपेक्षा थोडी अधिक बक्षिसी द्यावी. त्या ढाब्यावर पुढच्या कुत्र्याला जागा मिळणार की नाही, हे बऱ्याच अंशी आपण मागे काय ठेवून गेलो यावर ठरते.

लेणी, देवस्थाने आणि अभयारण्ये

बाहेरगावच्या पाहुण्यांना वेरूळ-अजिंठा दाखवायचा बेत आणि कुत्र्याची सहल एकाच दिवशी करू नये. संरक्षित स्मारकांविषयीच्या १९५९ च्या नियमांनुसार त्यांच्या आवारात जनावर आणण्यास मनाई आहे. वेरूळ, अजिंठा, दौलताबादचा किल्ला आणि बीबी का मकबरा ही सारी स्थळे यात येतात. अजिंठ्याला तर खासगी गाडी सुमारे चार किलोमीटर अलीकडे फर्दापूरजवळ सोडून पुढे बसने जावे लागते, म्हणजे कुत्रा पार्किंगमध्ये कित्येक तास अडकतो. दौलताबादला वानरांच्या टोळ्याही असतात. घृष्णेश्वर, परळी वैजनाथ, औंढा नागनाथ, तुळजापूर अशा देवस्थानांच्या ठिकाणी दोन जण असतील तर आलटूनपालटून दर्शन घेता येते, पण यात्रेच्या किंवा सोमवारच्या गर्दीत तेही टाळावे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत श्वानांचे प्रदर्शन भरते, म्हणून तेथे जावेसे वाटणे स्वाभाविक आहे; पहिल्या वर्षी मात्र कुत्र्याविना जाऊन गर्दी पाहून यावी.

गौताळा, येडशी-रामलिंग, नायगाव येथील अभयारण्यांत किंवा जायकवाडीच्या पक्षी अभयारण्यात कुत्रा नेऊ नये. आपल्या कुत्र्याकडून डिस्टेंपरसारखा रोग कोल्ह्या-लांडग्यांपर्यंत पोहोचू शकतो. २०१८ मध्ये गीरमध्ये याच विषाणूने सिंह दगावले होते. म्हैसमाळचे पठार, आपले किंवा ओळखीचे शेत, गावाबाहेरचे माळरान, एवढे पर्याय पुरेसे आहेत.

मुक्काम

लॉज किंवा शेतघर ठरवताना होकार मेसेजवर लेखी घ्यावा आणि त्यात कुत्र्याचे वजन लिहावे. तळमजल्यावरची खोली मागावी. आत गेल्यावर आधी खाटेखाली, कपाटामागे, न्हाणीघरात पाहावे. शेतघरांत उंदरांचे औषध तेथेच ठेवलेले असते. कुत्र्याला अनोळखी खोलीत एकटे कोंडून जेवायला जाऊ नये, कारण तो भुंकतो, दार ओरबाडतो, आणि पुढच्या वेळी कोणालाच खोली मिळत नाही. रात्री शेतात फिरवताना हातात बॅटरी हवी. घोणस आणि फुरसे वाटेवरच पडून असतात. कुत्र्याच्या नाकावर किंवा पायावर अचानक सूज आली तर दोरी-चिरा असले उपाय न करता त्याला कमीत कमी हलवून उचलून डॉक्टरकडे न्यावे.

रेल्वे, एसटी

रेल्वेत कुत्र्याला सोबत डब्यात न्यायचे असेल तर वातानुकूलित पहिल्या वर्गाचा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन संपूर्ण आपल्या नावावर असावी लागते. टू टियर, थ्री टियर, स्लीपर, चेअर कार यांत परवानगी नाही. कुत्र्याची नोंदणी पार्सल कार्यालयात करावी लागते, लसीकरणाचे आणि प्रकृती ठीक असल्याचे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र लागते, आणि त्यासाठी गाडीच्या बरेच आधी स्टेशनवर पोहोचावे लागते. दुसरा मार्ग गार्डच्या डब्यातील श्वानपेटीचा. लोखंडी पेटीत, अनोळखी आवाजांत, एकट्याने रात्र काढणे कुत्र्याला फार जड जाते. उन्हाळ्यात तर हा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही. एसटीच्या गर्दीत कुत्रा नेण्याचा विचार सोडून द्यावा. त्यापेक्षा चालकाला आधी सांगून खासगी गाडी ठरवावी आणि आसनावर स्वतःची चादर टाकावी.

ऊन लागले तर, चावले तर

डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसवले नाही तर कुत्र्याला त्यावर चालवू नये. पग, शिह त्झू यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना फाल्गुनापासून पावसापर्यंत दुपारी बाहेर काढूच नये. जीभ लांब आणि गडद लाल होणे, घट्ट चिकट लाळ, लडखडणे, उलटी ही उष्माघाताची चिन्हे आहेत. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या पुढे गेले तर जीव धोक्यात असतो. लगेच सावलीत न्यावे, पोटावर, जांघेत आणि पंजांवर साधे पाणी ओतत राहावे, वारा घालावा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये, ओला टॉवेल अंगावर झाकून ठेवू नये (तो तापून उष्णता आत कोंडतो), आणि तोंडात बळेच पाणी ओतू नये. पाणी ओतत असतानाच दुसऱ्याने डॉक्टरांना फोन करून गाडी काढावी. मार्गावरील पशुवैद्यकांचे क्रमांक म्हणूनच आधी लिहून ठेवावेत. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, तेही ध्यानात असू द्यावे.

आपल्या कुत्र्याने कोणाला चावा घेतला किंवा नखाने ओरखडले, तर पहिली पंधरा मिनिटे जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुण्यात घालवावीत. हळद, चुना, तिखट लावू देऊ नये. त्या माणसाला स्वतः सरकारी रुग्णालयात घेऊन जावे, तेथे रेबीजची लस मिळते, आणि कुत्र्याचे लसीकरणाचे पुस्तक दाखवावे. पण पुस्तक आहे म्हणून लस नको असे आपण ठरवू नये, तो निर्णय डॉक्टरांचा असतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे जनावराबाबत निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. भटक्या कुत्र्याने आपल्या कुत्र्याला चावले तर त्याची जखमही तशीच धुवावी, हातात मोजे घालून, आणि लस पूर्ण असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

परतल्यावर

दारातच थांबावे. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी आणि पट्ट्याखाली बोटे फिरवून गोचीड पाहावेत. सापडल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा, तेल किंवा आगकाडी लावू नये. पंजांत गोखरूचे काटे अडकलेले असतात, ते एकेक करून काढावेत. आणि गोधडीचा तुकडा धुवायला टाकताना साबण सौम्य वापरावा, म्हणजे पुढच्या वेळी ढाब्याच्या अंगणात तो अंथरला की त्याला घरचा वास येईल.